आपलं लिखाण आपल्या हाती
अ‍ॅप्स कितीही येवोत-जावोत, लिहिणाऱ्याने आपला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये आणलेली मार्कडाउन ही खुणांची पद्धत त्यासाठी उत्तम: ओळीआधी हॅशचं चिन्ह दिलं की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की तो ठळक. ऑब्सिडियन हे नोंदींचं अ‍ॅप अशाच फाइली आपल्या डिस्कवर ठेवतं. ह्यूगो हे वेबसाइट बनवणारं साधन त्यांतून अख्खा ब्लॉग उभा करतं. फाइल युनिकोडमध्येच हवी, कारण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसला की वाचताच येत नाही. युनिकोडमधली साधी फाइल मात्र कुठेही उघडते. म्हणून नवं अ‍ॅप घेताना आधी हेच बघा: इथून माझं लिखाण सहज बाहेर काढता येईल का?