अर्धे पाऊल मागे

अंबरनाथच्या फलाटावर एका अंध गृहस्थांना मी एकदा मदत केली. म्हणजे मला तसे वाटले. गाडी येत होती, गर्दी होती, आणि ते पांढरी काठी टेकवत जिन्याकडून येत होते. मी त्यांचा दंड धरला आणि 'चला, चला' म्हणत जवळजवळ ओढतच डब्याच्या दारापर्यंत नेले. तिथे ते शांतपणे म्हणाले, "काका, मला या गाडीने जायचेच नव्हते. मी जिन्यापासून पावले मोजत होतो. आता मी कुठे उभा आहे, तेवढे सांगा."

गाडी निघून गेली. मी त्यांना पुन्हा जिन्यापाशी नेले, पण या वेळी त्यांच्या पद्धतीने. त्यांनी माझे कोपर धरले आणि अर्धे पाऊल मागे राहून ते चालू लागले. मी वळलो की कोपरावरून त्यांना कळे, पायरी आली की कळे. वयाची साठी उलटेपर्यंत ही एवढीशी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. अंधाला रस्ता ओलांडायला मदत करावी, हे मात्र शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत अनेकदा लिहून झाले होते!

हे गृहस्थ वांगणीला राहतात. बदलापूरच्या पुढचे स्टेशन. भाडे त्यातल्या त्यात परवडणारे आणि मुंबईला थेट लोकल, म्हणून गेल्या काही वर्षांत तिथे अंध कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. त्यातले बरेच जण गाडीत किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. कल्याण-कर्जत मार्गावर प्रवास करणाऱ्या वाचकांच्या कानांत त्यांचे आवाज असतीलच. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा त्यांचे दुकानच बंद झाले.

त्या दिवसापासून आमची ओळख वाढली. मध्यंतरी अंध खेळाडूंच्या गोल्फविषयी मी बरेच वाचून काढले आणि गाडीत त्यांना सांगत बसलो. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांत जिथे पोरांना क्रिकेटला गल्ली मिळत नाही, तिथल्या माणसाने गोल्फच्या गप्पा माराव्यात, हे हास्यास्पद आहे खरे. पण त्यांचा पहिलाच प्रश्न मर्माचा होता.

"तो चेंडू हलतो का?"

"नाही. मारेपर्यंत जागच्या जागी असतो."

"मग सोपे आहे की! आमची लोकल हलते."

खेळाची गोम खरोखरच तिथे आहे. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घालून तो वाजता करावा लागतो, गोलंदाजाला आधी ओरडून विचारावे लागते. गोल्फचा चेंडू फलंदाजाच्या अंगावर येत नाही. त्यामुळे पूर्ण अंध खेळाडूही जवळपास त्याच नियमांनी खेळतो. एक सवलत आहे. वाळूच्या खड्ड्यात फटक्याआधी काठीने वाळूला स्पर्श करण्यास इतरांना बरीच बंधने असतात, त्यांतली काही अंधाला नाहीत. आणि त्याच्याबरोबर एक डोळस सोबती असतो. २०२३ पासून तर हे सारे गोल्फच्या मुख्य नियमपुस्तकातच आले आहे.

हा सोबती काय करतो? झेंडा किती अंतरावर आहे, उतार कुठे, वारा कोणीकडून, हे सांगतो. खेळाडूला दिशेला उभा करतो, काठीचे टोक चेंडूमागे नेमके टेकवून देतो. हिरवळीवर चेंडूपासून खळग्यापर्यंत दोघे बरोबर चालत जातात. पावले मोजली जातात, तळव्यांना चढ-उतार समजतो. मग सोबती बाजूला होतो. फटका खेळाडूचा. तो चुकला तर चूकही त्याचीच.

हे बाजूला होणे मला सर्वांत अवघड वाटते. आपल्याकडे अंधाचा हात धरणारे पुष्कळ. योग्य क्षणी सोडणारे किती? मी तर दारात नेईपर्यंत सोडला नव्हता.

अमेरिकेतले चार्ली बॉसवेल हे फुटबॉल खेळणारे गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, त्यांची दृष्टी गेली. गोल्फशी त्यांचा संबंध आला तो त्यानंतर. पुढे सोळा वेळा ते तिथल्या अंधांच्या स्पर्धेचे राष्ट्रीय विजेते ठरले. धावण्याच्या शर्यतीत अंध धावपटू आणि त्याचा वाटाड्या हाताला एक दोरी बांधून पळतात, पण वाटाड्याने धावपटूच्या आधी अंतिम रेषा ओलांडायची नाही असा दंडक आहे. इतके दूर कशाला, दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबही जागचा हलत नाही. अंगाला समजतो.

मी हे सांगत असताना त्यांनी मध्येच विचारले, "त्या सोबत्याला रोज किती देतात?"

बहुधा मित्र असतो, बायको किंवा नवरा असतो, भाऊ असतो, असे मी म्हणालो. ते हसले. "आमच्यात नवराही अंध, बायकोही अंध. सोबती घरातला आणायचा कुठून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वांगणीच्या कित्येक घरांत डोळस माणूस म्हणजे पाच-सहा वर्षांचे लेकरू. १७ एप्रिल २०२१ चे ते दृश्य वाचकांना आठवत असेल. अंध आईबरोबर चालणारा मुलगा फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडला, आई हात पसरून त्याला चाचपत राहिली, समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके धावत आले, त्यांनी मुलाला वर ढकलले आणि क्षणार्धात स्वतःही चढले. बक्षिसाच्या पन्नास हजारांतले निम्मे त्या मायलेकांना देण्याचे त्यांनी जाहीर केले. शेळक्यांचे कौतुक देशभर झाले, व्हायलाच हवे होते. पण त्या फलाटावरून रोज ये-जा करणाऱ्या अंध आया पुढेही तिथूनच जात राहिल्या. त्यांच्याबरोबर कोण असते, हे विचारायला फार जण फिरकले नाहीत.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्यात वाहतुकीचे कलम आहे आणि खेळाचेही आहे. गोल्फचे मैदान बदलापूरला कुणी मागत नाही. पण तिन्ही गावांत शाळांची पटांगणे आहेत आणि रविवारी सकाळी त्यांतली बरीच कुलूपबंद असतात. एका पटांगणाचे कुलूप दोन तास उघडावे, छर्ऱ्यांचे चार चेंडू आणावेत. अवघड आहे ते सोबती जमवणे. पंधरा-वीस डोळस माणसे लागतील. महाविद्यालयातली मुले चालतील, माझ्यासारखे निवृत्तही चालतील. त्यांनी आधी एक सकाळ कोपर पुढे करायला शिकावे, आणि शिकवायला वांगणीहून कुणाला तरी बोलवावे. त्या शिकवणाऱ्याला मानधन द्यावे, कारण त्याची तेवढ्या वेळची विक्री बुडणार आहे.

ही कल्पना मी त्यांना बोलून दाखवली तेव्हा बदलापूर येत होते. "रविवार नको," ते म्हणाले. "रविवारी बायका-मुले बाहेर पडतात, केसांच्या क्लिपा चांगल्या खपतात. सोमवार दुपार ठेवा." सोमवारी दुपारी शाळा भरलेली असते, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मग संध्याकाळी सहाला विचारून बघा. आम्हाला उजेड लागत नाही."