दाबाच्या पाण्याचे यंत्र घेताना



दसरा जवळ आला, बॉयलर पेटायचे दिवस आले, की आपल्याकडे घरादाराची धुलाई निघते. पावसाळ्याने भिंतींवर शेवाळ चढविलेले असते, ओट्यावरून पाय सटकतो, गोठ्याची फरशी काळी झालेली असते. यंदा देवळाली कॅम्प, भगूर, लहवित या बाजूस बऱ्याच घरी विजेवर चालणारे, दाबाने पाणी मारणारे यंत्र (ज्यास प्रेशर वॉशर म्हणतात) आलेले आम्ही पाहिले. कारखान्याने अशी यंत्रे सवलतीत मिळवून द्यावीत, अशी मागणीही कानावर आली. मागणीस आमचा विरोध नाही. परंतु ज्या तऱ्हेची यंत्रे मागितली जात आहेत ती पाहता चार शब्द लिहिणे भाग आहे.

पहिली गोष्ट खोक्यावरच्या आकड्यांची. उसाची गाडी काट्यावर चढविल्याशिवाय आपण वजन मान्य करतो का? मग येथे छापील आकडा डोळे झाकून का मानावा? हिशोब सोपा आहे. दाब बारमध्ये असतो, पाणी मिनिटाला किती लिटर ते लिहिलेले असते. दोन्हींचा गुणाकार करून ०.६ ने भागा, म्हणजे पाण्याला लागणारी शक्ती वॅटमध्ये येते. १०० बार आणि ६ लिटर म्हणजे १००० वॅट. मोटारीत व पंपात थोडी शक्ती वाया जाणारच, तेव्हा १४००-१५०० वॅटची मोटार असेल तर आकडा पटतो. आता एका खोक्यावर आम्ही काय वाचले? मोटार १४०० वॅट, दाब १५० बार, पाणी ८ लिटर. गुणाकार करा, २००० वॅट होतात! मोटारीत नाही ते पाण्यात कोठून येणार? हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. १५० हा नुसता जास्तीत जास्त दाब. काम करताना तो मिळत नाही. दुकानदारास ‘चालू कामातला दाब किती’ असे विचारावे. सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

दुसरे, मोटार. स्वस्त यंत्रात कार्बन ब्रशची मोटार असते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारखी किंचाळते. महिन्यातून एकदा मोटारसायकल धुण्यास ती ठीक. गोठा, ओटा, गोडाऊन असे तासन्‌तास काम असेल तर इंडक्शन मोटारीचे, पितळी पंपाचे यंत्र घ्यावे. जड असते, महागही पडते, पण टिकते. विहिरीचे पाणी असेल तर तोंडाशी गाळणी हवीच. रेतीचा कण पंपाचा काळ आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. देवळाली कॅम्पातली कित्येक जुनी घरे व बंगले दगड-चुन्याचे, वर मंगलोरी कौले. अशाच एका घरी, आमच्या परिचयाच्या सभासदाने गेल्या दिवाळीआधी भाड्याच्या यंत्राने दर्शनी भिंत धुतली. भिंत झाली हो सुंदर! दगड नवा निघाल्यासारखा दिसू लागला. पण दगडाबरोबर सांध्यातला चुनाही धुपून गेला होता. मग गवंड्याने त्या जागी सिमेंट भरले. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. यंदा ओल घरात उतरली आणि आतला गिलावा फुगला. धुण्याचे वाचलेले दोन दिवस त्यास केवढ्याला पडले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. ह्या कॅम्पाच्या नावावरून इंग्रजांनी डोके फिरलेल्यास ‘डूलॅली’ हा शब्द केला. १५० बार घेऊन चुन्याच्या भिंतीवर जाणाऱ्यास आम्ही तरी दुसरा शब्द शोधणार नाही.

अशा भिंतीस काथ्याचा ब्रश, बादलीभर पाणी आणि सवड लागते. यंत्र वापरायचेच तर रुंद पंख्यासारखा, ४० अंशाचा पांढरा नोझल, दाब कमीत कमी, आणि आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहावे. ० अंशाचा लाल नोझल घराच्या भिंतीस लावूच नये. कौलांवर खालून वर पाणी मारू नये. ते कौलाखाली शिरते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर तर यंत्र मुळीच चालवू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असते, दाबाने त्याचे तंतू सुटतात आणि छातीत जाऊन बसले की कर्करोगापर्यंत प्रकरण जाते. शेडवरचा काळा रंग राहिला तर राहू द्या.

धार हातावर घेऊन ‘बघू किती जोर आहे’ असे पोरे करतात. ही धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढे भोक दिसते, आत मात्र बोट निकामी होण्याइतकी इजा झालेली असते. तसे झाल्यास मलमपट्टीवर न भागवता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. ओल्या जागेतली वीज म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळती-ब्रेकर हवाच. बारीक वायरीचे लांब एक्स्टेंशन लावू नये. दाब उतरतो, मोटार तापते.

आमची सूचना अशी. घरटी एक स्वस्त यंत्र देण्याऐवजी गट कचेरीत इंडक्शन मोटारीचे एक चांगले यंत्र ठेवावे आणि ते चालविणारा माहितगार माणूस सोबत द्यावा. भाडे तासावर घ्यावे. सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशा वस्तू लवकर मोडतात, असे काही जण म्हणतील. ते खरेही आहे, गावच्या फवारणी पंपाचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. म्हणूनच माणूस सोबत हवा. यंत्र एकटे कोणाच्या घरी जाता कामा नये. भाड्यातून त्या माणसाचा रोज आणि नोझल-होजची दुरुस्ती निघाली तरी पुरे, कारखान्याने त्यात नफा पाहू नये. कोटेशने मागविताना चालू कामातला दाब, लिटर आणि मोटारीची जात या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात, आणि जवळपास सुटे भाग मिळतात का तेही विचारावे. कॅम्पातल्या दगड-चुन्याच्या घरांची यादी गट कचेरीने आधीच करून ठेवावी, म्हणजे तेथे यंत्राऐवजी ब्रश घेऊन माणूस पाठविता येईल.