भीतीचाही जमाखर्च मांडावा



थंडी पडली की मोबाईलवर ठरावीक संदेश फिरू लागतात. पंपावर फोन वाजला आणि आग लागली, सिंथेटिक साडीच्या ठिणगीने पेट्रोल पेटले. उन्हाळ्यात आणखी एक येतो, टाकी पूर्ण भरली की स्फोट होतो म्हणे. त्यावर शेवटी इंडियन ऑइललाच खुलासा करावा लागला, की ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरण्यात धोका नाही. पण तोवर काही घरांत "सूनबाई, तू पंपावर जाऊच नकोस" असे फर्मान निघालेलेही असते. मला या फर्मानाबद्दल बोलायचे आहे.

ठिणगीची गोष्ट अगदीच खोटी नाही. कोरड्या हवेत सिंथेटिक कपडा गाडीच्या सीटवर घासला की अंगात स्थिर वीज साठते. दाराला हात लावताच चटका बसतो, तो तिचाच. अमेरिकेत लोक स्वतः पेट्रोल भरतात. नळी टाकीत अडकवून थंडीमुळे गाडीत जाऊन बसतात, उतरून पुन्हा नळीला हात लावतात आणि कधीतरी तिथली वाफ भडकते. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने अशा आगींची माहिती गोळा केली. त्यात स्थिर विजेच्या आगी निघाल्या, मोबाईलमुळे लागलेली आग मात्र सापडली नाही. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी सांगून ठेवावे, पेट्रोल भरताना गाडीत परत बसू नका. बसलातच, तर नळीपासून लांब गाडीच्या पत्र्याला आधी हात लावा.

आपल्याकडे पंपावरचा माणूस पेट्रोल भरतो. आपण स्कूटर बंद करून उतरावे, फोन पर्समध्ये ठेवावा, प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणू नये. एवढे पाळले की पुरे.

मी कॉमर्सची पदवीधर. उधारी बुडू शकते म्हणून कोणी दुकान बंद करत नाही, संशयित कर्ज निधी बाजूला काढतो आणि धंदा चालू ठेवतो. धोक्याचेही तसेच. तीन रकाने आखावेत: हे काम आपण किती वेळा करतो, बिघडले तर नुकसान किती, आणि काळजी घ्यायला खर्च किती. पंपावर आपण आठवड्यातून एकदा जातो आणि काळजीचा खर्च शून्य. मग काळजी जरूर घ्यावी, पण जाणे कशाला थांबवायचे?

हेच रकाने आता स्वयंपाकघराला लावा. गॅस आपण दिवसातून चार वेळा पेटवतो. सूर्यास्ताआधी जेवणे उरकायच्या घाईत नायलॉनचा पदर शेगडीवरून जातो. नायलॉन पेटले की वितळून कातडीला चिकटते. सुती साडी आणि खोचलेला पदर, याला खर्च काय? गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तुमच्या नळीवरचे साल शेवटचे कधी वाचलेत? गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. वास आला की आपला हात पहिल्यांदा विजेच्या बटणाकडे जातो. ते बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. देवघरातला दिवा, शेगडी विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर फोन करावा.

आणि हेल्मेट! पंपावरच्या ठिणगीला घाबरणारी आपलीच बाई स्कूटरवर मागे बसताना केस विस्कटतात म्हणून हेल्मेट घालत नाही. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. एका डोक्याची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची?

वस्तू उचलताना-ठेवताना नीट पाहावे, हे आपल्याला आदान-निक्षेपण समितीने शिकवलेच आहे. ती जीवदयेसाठी आहे आणि घरातली माणसेही जीवच आहेत. पण त्या शिकवणीत वस्तू उचलूच नका असे कुठे म्हटलेले नाही, पाहून उचला एवढेच म्हटले आहे.

म्हणून सुनेला, लेकीला पंपावर जाऊ द्या. जाताना हेल्मेट तेवढे हातात द्या. आणि ती परत येईपर्यंत आपण शेगडीमागची नळी तपासून घेऊ.