सायकलला वाट द्या, भूगोल आपोआप येईल

आठवी-नववीच्या मुलांना ‘माझा एकट्याचा सायकल प्रवास’ असा निबंध द्या आणि वह्या वाचा. सायकल हिरव्यागार दऱ्यांतून जाते, खळखळणारे झरे लागतात, पक्षी किलबिलतात. पण त्यात ना वाघोबा खिंडीचा चढ येतो, ना सूर्या नदी, ना सातपाटीच्या वाळत घातलेल्या मासळीचा वास. मुलांना लिहिता येत नाही असं मुळीच नाही. ती त्या वाटेने स्वतःच्या पायांनी कधी गेलेलीच नसतात. शाळेत व्हॅनने जायचं आणि मामाकडे बाईकवर मागे बसून, मग रस्ता लक्षात राहणार कसा?

माझं म्हणणं सरळ आहे. आपला परिसर मुलांना शिकवायचा असेल, तर सायकलसारखं दुसरं साधन नाही. आणि सायकल हवी असेल तर आधी तिला सुरक्षित वाट हवी. ती मागणं हे शिक्षक आणि पालक म्हणून आपलं काम आहे.

इतर देशांत अशा वाटा मुद्दाम केलेल्या आहेत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढायचे आणि तिथे सायकलमार्ग करायचा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा असा मार्ग १९६०च्या दशकातच झाला. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल मार्ग १५२ किलोमीटरचा आहे, तो २००० साली खुला झाला. माणसं तिथे एकेकटी, मजेत, दिवसेंदिवस सायकल चालवतात. यात विज्ञानाचा एक छान धडा आहे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून रेल्वेची वाट नेहमी हलक्या चढाची बांधतात. गाडी गेली, पण तो सौम्य चढ मागे उरला. म्हणून तिथे लहान मूलही सायकल चालवू शकतं आणि आजीसुद्धा.

आपल्याकडे तसं होणं कठीण, कारण आपली रेल्वे चांगली जिवंत आहे. हा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोचला. २०१३च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. आता विरार-डहाणू चौपदरीकरण, मालगाड्यांचा वेगळा मार्ग आणि बोईसरला थांबा असलेली बुलेट ट्रेन. लोखंडी वाटा वाढतायत आणि त्यासाठी जमीनही मिळतेय. मग मी विचारते, सायकलसाठी दोन मीटर का मिळू नये? आणि हा प्रश्न हौसेचा नाही. वैतरणा खाडीतल्या वाढीव-वैतीपाड्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं स्टेशन गाठलं ते रेल्वे पुलावरून चालत, मागून गाडी येतेय का ते बघत. रुळालगतची वाट तिकडे सहलीची असते, इथे ती जिवावरची होती.

बरं, रेल्वेची वाट नसली तरी नदी, खाडी आणि किनारा आहेच. बोईसरहून पास्थळमार्गे तारापूरकडे निघा. थोडक्या किलोमीटरांत किती विषय येतात बघा! रासायनिक कारखान्यांची वसाहत. १९६९ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. त्याच्या विस्तारासाठी उठवलेल्या पोफरण आणि अक्करपट्टी गावांची गोष्ट. पुढे तारापूरचा किल्ला, जो १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आणि खाडीपलीकडे चिंचणी. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाज राष्ट्रीय हरित लवादापर्यंत का गेला, हे पुस्तकात वाचून कळत नाही. किनाऱ्यावर उभं राहिलं, नाकाला वास आला की मूल आपणच विचारतं, “बाई, हे पाणी जातं कुठे?”

दुसरी वाट पालघरहून मनोरकडे जाणारी. वाघोबा खिंडीत सायकल हातात धरून चालावं लागेल. चालू द्या, चढ म्हणजे काय ते पोटऱ्यांना कळेल. वाघाला देव मानणाऱ्या लोकांचं वाघोबाचं स्थान तिथेच आहे. पुढे मासवणला सूर्या नदी भेटते. धामणी आणि कवडास धरणांचं पाणी इथून वसई-विरारला जातं. नदी आपल्या अंगणातली, नळ मात्र दूरच्या शहरातला. नागरिकशास्त्राचा तास घ्यायला याहून चांगली जागा कुठली?

तिसरी वाट मला सगळ्यात जवळची वाटते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ते सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर इथले. हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, पण ही पाच गावं नकाशावर जोडून मुलांकडून कधी काढून घेतलीत का? सातपाटीच्या किनाऱ्यावरून मुरबे समोर दिसतं, पण मध्ये खाडी. सायकलने जायचं तर केवढा वळसा! तो वळसा मोजला की खाडी म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पालक म्हणतील, “बाई, बोलायला ठीक आहे, पण त्या टँकर-ट्रकांच्या रस्त्यावर पोरांना पाठवायचं?” नाही, तसं पाठवायचं नाही. ही भीती अगदी बरोबर आहे. पण भीतीचं उत्तर मुलाला घरात ठेवणं एवढंच नसतं. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं ‘बालहत्या थांबवा’. आज त्या देशातले सायकलमार्ग जग बघायला जातं. ते आपोआप उगवले नाहीत, ते पालकांनी मागितले.

सायकलची ताकद आपल्या देशातही दिसली आहे. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. पाड्यावरच्या मुलीसाठी सायकल ही सहल नाही, ते तिचं शिक्षण आहे. तिला हवी असलेली वाट आणि सहलीला हवी असलेली वाट एकच आहे.

तर करूया काय? आधी आपण मोठ्यांनी एखाद्या रविवारी सकाळी एकट्याने त्या वाटेवर जावं. एकटंच का? कारण बरोबर कुणी असलं की गप्पा होतात, रस्ता दिसत नाही. एकट्याला वाट विचारावी लागते, आभाळाकडे बघून ठरवावं लागतं. कुठे खड्डा, कुठे आंधळं वळण, कुठे सावली, कुठे पाणी, हे टिपून घ्या. मग पाच-सात मुलं आणि दोन पालक घेऊन छोटा टप्पा करा. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेत, त्यातला एक यासाठी ठेवा. मुलांनी काढलेला नकाशा आणि धोक्याच्या जागांची यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा आणि समितीच्या ठरावासह ग्रामसभेत द्या. मुलांच्या अक्षरातला कागद नुसता बाजूला सारणं कुणालाही जड जातं.

आणि त्यानंतर तोच निबंध पुन्हा द्या. खळखळणारे झरे कमी होतील, पण मासवणचा पूल नक्की येईल.