उंची मोटार आणि उंच मोटार

मराठी भाषेंत 'उंची' हा शब्द मोठा गमतीचा आहे. नाम म्हणून तो योजिला तर फूटपट्टीनें मोजतां येणारें माप त्यानें सूचित होतें. विशेषण म्हणून योजिला तर उंची वस्त्र, उंची अत्तर असा मोलाचा व दर्जाचा अर्थ निघतो. आजच्या मोटारींच्या बाजारानें हे दोन्ही अर्थ एकत्र कालविले आहेत. जी गाडी जमिनीपासून अधिक वर, ती अधिक उंची, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि रूढ होत चालली आहे. आणि मधल्या सुटींत मुलें एकमेकांच्या घरच्या गाड्यांविषयीं बोलूं लागलीं कीं त्याच समजुतीचा प्रतिध्वनि ऐकूं येतो. कोणती मोटार किती चांगली, हा प्रश्न वस्तुतः गणिताचा व पदार्थविज्ञानाचा आहे. तो त्या रीतीनें सोडविला असतां काय उत्तर येतें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. बसक्या बांध्याची व मागें स्वतंत्र डिकी असलेली गाडी ती सेडान. तशाच गाडीच्या सांगाड्यावर छप्पर व आसनें वर उचलून जी गाडी रचितात ती क्रॉसओव्हर. तिचा वेष डोंगर चढणाऱ्या जीपगाडीचा असला तरी जात शहरीच असते. आणि प्रतिष्ठित नांवाचे कारखाने आपल्या मालापैकीं ज्या सर्वांत स्वस्त गाड्या विकतात, त्यांस उंची गाड्यांची पहिली पायरी असें म्हणूं. मध्यम स्थितींतून वर आलेलें कुटुंब याच पायरीवर पाऊल ठेवतें, म्हणून येथील निवड अधिक विचारानें करावयास हवी.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. २०२१ सालच्या मार्च व मे महिन्यांत मर्सिडीज-बेन्झ कंपनीनें पुण्याजवळच्या चाकण येथें जुळविलेल्या दोन गाड्या बाजारांत आणिल्या. ए-क्लास लिमुझीन ही सेडान आणि जीएलए ही क्रॉसओव्हर. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रकाराची आरंभींची किंमत, रस्त्याचा कर व विमा सोडून, पहिलीची ३९.९० लाख रुपये व दुसरीची ४२.१० लाख रुपये होती. दोहोंचा मूळ सांगाडा एकच. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोहोंत २,७२९ मिलिमीटर. एंजिनहि एकच, १,३३२ घनसेंटिमीटरचें व १६३ अश्वशक्तीचें. मग भेद तो कोठें? सेडानची लांबी ४,५४९ मिलिमीटर, तर क्रॉसओव्हरची ४,४१० मिलिमीटर. उंचींत मात्र क्रॉसओव्हर सुमारें १६ सेंटिमीटरांनीं वर. म्हणजे २ लाख २० हजार रुपये अधिक मोजून गिऱ्हाइकानें लांबीनें आंखूड, उंचीनें मोठी आणि त्याच एंजिनाची गाडी घरीं आणिली!

या उंचीची दुसरीहि किंमत द्यावी लागते. हवेंतून जातांना गाडीस किती अडथळा होतो, हें दाखविणारा एक गुणक असतो. कारखान्याच्या सांगण्याप्रमाणें या सेडानचा गुणक ०.२२ पर्यंत उतरतो, क्रॉसओव्हरचा ०.२८ आहे. भागाकार करून पाहावा. केवळ आकारामुळें हवेचा अडथळा चतुर्थांशाहून अधिक वाढला. शिवाय उंच गाडीचा दर्शनी पृष्ठभाग मोठा, तो भार निराळाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून गांवांतल्या गर्दींत हा भेद जाणवत नाहीं. पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर मात्र तो पेट्रोलच्या खर्चांत उमटतो. ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठण्यासहि उंच गाडीला सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो.

तिसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. आठवीच्या मुलानेंहि दोन पेट्या फळीवर ठेवून फळी तिरपी करून पाहावी. उभट पेटी आधीं कलंडते. मोटारीसहि हाच नियम लागू आहे. दोन चाकांमधील रुंदीचें अर्ध घेऊन त्यास गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. उदाहरणापुरती रुंदी १६० सेंटिमीटर धरली, तर गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असतां उत्तर १.४५ येतें; तो ६५ वर नेला कीं १.२३ उरतें. अमेरिकेचें सरकार गाडी उलटण्याचा धोका ठरवितांना हेंच गुणोत्तर विचारांत घेतें. आधुनिक गाड्यांत घसरण आंवरणारी विद्युत्-योजना असते व तिनें धोका पुष्कळ कमी होतो हें खरें; परंतु निसर्गनियम त्यामुळें रद्द होत नाहींत.

तर मग क्रॉसओव्हर घेणें हा निव्वळ दिखाऊपणा आहे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या घरांत गुडघेदुखीनें पिडलेलीं आजीआजोबा आहेत, त्यांस बसक्या गाडींत वांकून शिरणें व पुन्हां उठून बाहेर येणें ही शिक्षाच वाटते. कोंकणांतील पावसाळी रस्ते, गांवोगांवचे बेढब गतिरोधक आणि खडीनें भरलेले घाटांचे कांठ यांवर बसक्या गाडीचें पोट घांसतें. अशा कुटुंबानें उंच गाडी घेतली तर ती गरज होय. परंतु वेषावरून पराक्रमाची कल्पना मात्र करूं नये. वर सांगितलेल्या पेट्रोलच्या जीएलएमध्यें जोर पुढच्या दोन चाकांनाच मिळतो. मागच्या चाकांस जोर देणाऱ्या गाड्यांवर जिची ख्याति झाली, त्या बीएमडब्ल्यू कंपनीनें २०२३ सालच्या जानेवारींत आणलेली एक्स१ ही देखील पुढच्याच चाकांवर चालते. तिचें पेट्रोल एंजिन तीन सिलिंडरांचें व १३६ अश्वशक्तीचें असून तिची किंमत ४५.९० लाखांपासून सुरू झाली होती.

ही झाली उंच गाडीची कथा. आतां उंची नांवाचें मोल पाहूं; आणि त्यासाठीं महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें एकाच उद्योगसमूहाच्या तीन नांवांच्या गाड्या जुळविल्या गेल्या आहेत. २०२१ च्या जूनमध्यें स्कोडाची ऑक्टेव्हिया ही सेडान २५.९९ लाखांस आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फोक्सवॅगनची टिग्वान ३१.९९ लाखांस आली. २०२२ च्या ऑगस्टमध्यें औडीची क्यू३ ही ४४.८९ लाखांस आली, आणि तिची येथील जुळणी पुढच्या वर्षीं सुरू झाली. तिहींत एंजिन दोन लिटरचें, शक्ति १९० अश्वांची, टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, गिअर सात! ऑक्टेव्हियांत जोर दोन चाकांना व इतर दोहोंत चारी चाकांना, हा भेद लक्षांत घेतला, मधल्या काळांतील भाववाढहि वजा केली, तरी टिग्वान व क्यू३ यांमधील १२.९० लाखांचें अंतर एंजिनाच्या हिशेबांत बसत नाहीं.

या रकमेच्या मोबदल्यांत कांहींच मिळत नाहीं, असें नव्हे. आंतील सामान अधिक नाजूक कारागिरीचें असतें, विक्रेत्याच्या दालनांत आगतस्वागत अधिक होतें, आणि पुढच्या जाळीवर चार कड्यांचें चिन्ह झळकतें. ज्यास या गोष्टींचा आनंद वाटतो व ज्याची ऐपत आहे, त्यानें तो खुशाल घ्यावा. पण त्यानें तो आनंद समजूनउमजून विकत घ्यावा. आपण अधिक यंत्र विकत घेतलें अशा भ्रमांत राहूं नये. 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण येथें सर्वस्वीं लागू पडत नसली, तरी सोनुबाईच्या हातांतील वाळा किती तोळ्यांचा, हें विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास आहे.

सोयींच्या यादीसंबंधानेंहि हेंच तारतम्य हवें. विक्रेता प्रथम छपरांतील कांचेची खिडकी दाखवितो, मग चौसष्ट रंगांचे दिवे, मग हातभर लांबीचे पडदे. पालकांनीं या यादीचे तीन भाग पाडावे: अपघात टाळणाऱ्या सोयी, अपघातांत जीव वांचविणाऱ्या सोयी, आणि करमणुकीच्या सोयी. पहिल्या दोन भागांत ब्रेक, टायर, दिवे, एअरबॅगा व आसनाचे पट्टे येतात. युरोपांतील एन्‌कॅप संस्थेच्या परीक्षेंत ए-क्लासला २०१८ सालीं व जीएलएला २०१९ सालीं पांच तारे मिळाले. म्हणजे त्या बाबतींत उंच गाडी बसक्या गाडीहून वरचढ ठरली नाहीं. आणि सोय असणें व ती वापरणें यांतहि अंतर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. गाडी उंची जातीची होती. परंतु मागच्या आसनावरील दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. तीं दोन्ही माणसें दगावलीं. पुढें बसलेलीं दोघें वांचलीं. मागच्या आसनावर बहुधा आपलीं मुलें बसतात, हें प्रत्येक पालकानें ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थिमित्रहो, वेगाविषयीं एक उदाहरण तुमच्यासाठीं देतों. सारख्याच दोन गाड्या शेजारींशेजारीं धांवत आहेत; एकीचा वेग ताशीं ८० किलोमीटर, दुसरीचा १००. एकाच जागीं दोहोंचे ब्रेक सारख्याच जोरानें लागले. पहिली जेथें थांबेल, तेथें दुसरीचा वेग किती उरलेला असेल? वीस, हें उत्तर सहज ओठांवर येतें. खरें उत्तर साठ आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. शंभराच्या वर्गांतून ऐंशींचा वर्ग वजा केला कीं साठांचा वर्ग उरतो. भूमितींतील ६, ८, १० बाजूंचा काटकोन त्रिकोण येथें रस्त्यावर येऊन उभा राहतो! गाडी किती सेकंदांत शंभरावर जाते, हें जाहिरात मोठ्या अक्षरांत छापते; ती किती मीटरांत थांबते, हें क्वचितच सांगते. तुम्हीं दुसरा आंकडा विचारीत जा.

गाडीच्या बाहेरहि माणसें असतात. केंद्रसरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत दुचाकीवरील माणसें शेंकडा चव्वेचाळीस, आणि पायीं चालणारीं जवळजवळ पंचमांश होतीं. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेनें २०२३ सालीं असें दाखविलें कीं, ज्या गाडीचें बॉनेट जमिनीपासून सुमारें एक मीटराहून उंच आहे, तिची धडक बसलेला पादचारी मरण्याचा संभव, ७५ सेंटिमीटरांच्या आसपास उतरतें बॉनेट असलेल्या गाडीपेक्षां, शेंकडा ४५ नीं अधिक असतो. लहान क्रॉसओव्हर इतकी उंच नसते. तरी उंचीची हौस ज्या दिशेनें वाढत आहे, त्या दिशेला हा आंकडा उभा आहे. शाळेच्या फाटकाशीं पहिलीचें मूल चालकाच्या नजरेस पडावें, हाहि मोटारीचा एक गुणच नव्हे काय?

शेवटीं पैशाचा हिशेब. तीस लाख रुपये शेंकडा नऊ दरानें पांच वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ काढिले, तर दरमहा सुमारें ६२,२७५ रुपये हप्ता पडतो, आणि साठ महिन्यांत व्याजाचे सुमारें ७ लाख ३६ हजार रुपये जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर शेंकडा ४० वस्तु व सेवा कर आहे. हप्ते फिटतात तोंवर गाडी जुनी होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें आपण मुलांना शिकवितों. तें मुलांच्या देखत आचरणांतहि यावें.

माझें मत थोडक्यांत असें. लांबचा प्रवास चांगल्या रस्त्यांनीं करणाऱ्या कुटुंबास बसकी सेडान अधिक हितावह. ती वाऱ्यास कमी अडते व वळणावर अधिक स्थिर राहते. घरांत वृद्ध माणसें असतील अथवा वाट खडबडीत असेल, तर क्रॉसओव्हर घ्यावी. परंतु या दोहोंपैकीं एकीचा सौदा ठरविण्यापूर्वीं, त्याच समूहाच्या साध्या नांवाच्या गाडींत तेंच एंजिन मिळतें कीं काय, हें अवश्य पाहावें; मिळत असेल तर वांचलेल्या रकमेचें काय करावें, हें शिकणाऱ्या मुलांच्या पालकांस निराळें सांगावयास नको. आणि मुलांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, मोटारीची उंची मिलिमीटरांत मोजतात. ती गाडीची असते. तींत बसणाऱ्याची नसते.