केबिनखाली विष टाकू नका, जाळी ठोका



गोड्या छाटणीला मजूर यायला लागलेत. निफाड-दिंडोरीकडं आता बऱ्याच बागांत पत्र्याच्या केबिनी दिसतात. पेठ, सुरगाण्याची माणसं पोराबाळांसकट त्यात राहतात. केबिन २० बाय ८ ची, सिमेंटच्या ब्लॉकवर दीड फूट उचललेली. आतली जमीन म्हणजे लोखंडी चॅनलवर ठोकलेला प्लाय, त्यावर सतरंजी टाकून सगळे झोपणार. आणि खालच्या दीड फुटात काय चाललंय ते बघायला मालक कधी वाकत नाही.

परवा औषधाच्या दुकानावर एक बागायतदार म्हणाला, "मी चौकडनं मूठ मूठ फोरेट फेकतो, साप फिरकत नाही." मला राहवलं नाही. दादा, फोरेटच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुनी पिशवी गोठ्यात पडलीय म्हणून ती लेकरांच्या अंथरुणाखाली टाकायची? साप वासानं पळत नाही. तो उंदराच्या मागं येतो, आणि उंदीर आपण पाळलेत.

काही जण सल्फासच्या गोळ्या बिळात टाकतात. त्यांना तर हात जोडून सांगतो, त्या गोळीला ओल लागली की गॅस सुटतो आणि प्लायच्या फटीतून वर येतो. वर माणसं झोपलेली असतात हो.

मी काही फार शहाणा नव्हतो. दोन वर्षांपूर्वी मीपण भरड्यात झिंक फॉस्फाइड कालवून केबिनखाली ठेवलं. उंदीर मेले, पण मेले ते चॅनलच्या आत. वास इतका की मजूर केबिन सोडून बागेत कागद ताणून झोपले. मेलेला उंदीर आमच्या कुत्र्यानं ओढून खाल्ला का तेच आमिष खाल्लं, कळलं नाही, पण कुत्रं गेलं. महिन्याभरात दुसरे उंदीर हजर. जागा तीच, खायला तेच, ते का येणार नाहीत?

मग एका रात्री मोरीच्या पाइपाच्या भोकातून मण्यार आत आली. बाई पाणी प्यायला उठली, बॅटरी लावली, तर लेकराच्या उशापासून हातभर अंतरावर. मण्यार चावली तर दुखत नाही, खूणपण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि आपण म्हणतो काहीतरी खाण्यात आलं असंल. सर्पमित्रानं ती नेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा गुडघ्यावर बसून खाली बघितलं.

ठिबकच्या जुन्या नळ्या, फुटके क्रेट, पेंडीचं अर्धं पोतं. आणि तीन बाजूंनी मीच टेकवलेले पत्रे, शोभेला! माझं म्हणणं एवढंच आहे, अर्धं झाकलेलं सगळ्यात वाईट. सावली, आडोसा आणि आत जायला वाट, उंदराला अजून काय पाहिजे? एक तर चारी बाजूंनी साफ उघडं ठेवा, खाली काडी ठेवू नका, नाहीतर पूर्ण बंद करा.

मी बंद केलं. पाव इंची भोकाची जीआय वेल्डमेश जाळी, तीन फूट रुंदीची, घेर ५६ फूट. दीड फूट वर चॅनलला स्क्रू-पट्टीनं घट्ट, सहा इंच जमिनीत, उरलेली फूटभर एल आकारात बाहेर वळवून मातीखाली आडवी. घूस जाळीच्या मुळाशी उकरते, खाली आडवी जाळी लागते, मागं सरकून उकरायचं तिला सुचत नाही. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथंपण ही आडवी जाळी कामाला येते. मोठी भोकाची जाळी घेऊ नका, लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या फटीतून जातो. पत्रापण नको, हवा कोंडली की प्लाय कुजतो आणि वाळवी लागते.

शेवटची बाजू लावायच्या आधी दोन-तीन रात्री आत राख पसरा. सकाळी पाय उमटले तर आत कुणीतरी आहे, त्याला कोंडून मारू नका, परत वास येईल. पाइप-वायरीच्या भोकात भांडी घासायची स्टीलची घासणी ठासून वरून सिमेंट. फोम उंदीर कुरतडतो. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. शिवाय मी खाटा आणि मच्छरदाण्या दिल्या, मण्यारीला त्याचा उपयोग होतो.

"दोन महिन्यांच्या मजुरासाठी एवढा खर्च?" असं मला तोंडावर विचारलं गेलं. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आपण एकेका घडाला पेपर बांधतो ना? तो पेपर बांधणारी माणसं आहेत ही.

यंदा माणसं यायच्या आधी परत राख टाकली. वायव्येच्या कोपऱ्यात एक माग दिसला. पट्टीचा स्क्रू निसटला होता, काल बसवला. आज रात्री परत राख टाकतोय.