हाकलण्याचा हिशेब आणि आपली हजेरीवही

घुसखोरांना हाकलून द्या, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. निवडणूक जवळ आली की ती वर येते आणि निकाल लागला की पुन्हा खाली बसते. परंतु २०२५ सालापासून गोष्ट घोषणेवर थांबलेली नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने बांगलादेश व म्यानमारमधून आल्याचा संशय असलेल्यांची कागदपत्रे ३० दिवसांत तपासण्यास राज्यांना सांगितले. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा अंमलात आला. त्यात विनापरवाना प्रवेशाला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड आहे. बनावट कागदपत्र वापरल्यास २ ते ७ वर्षे कैद आणि १ ते १० लाख रुपये दंड. राजकारणी मंडळी या विषयाची चर्चा त्यांच्या परीने करतीलच. हे पान धंद्याचे आहे, तेव्हा आम्ही तो धंद्याच्या रीतीने मांडतो. आकडा किती, वाहतूक कशी, खर्च किती, आणि येणारी तूट कोणाच्या खात्यावर पडणार?

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. परदेशी माणूस परवान्याशिवाय राहत असेल आणि ते रीतसर शाबीत झाले असेल, तर त्याला परत पाठवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. त्याबद्दल आमचा वाद नाही आणि अशा माणसाला लपवून ठेवण्याचा सल्ला आम्ही कोणाला देणार नाही. वाद आहे तो ‘सगळ्यांना, एकदम’ या दोन शब्दांबद्दल.

आकड्यापासून सुरुवात करू. १९९७ मध्ये त्या वेळचे गृहमंत्री इंद्रजित गुप्ता यांनी देशात १ कोटी बेकायदा स्थलांतरित असल्याचे सांगितले. २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत १ कोटी २० लाखांहून थोडा जास्त आकडा दिला आणि तो विश्वासार्ह नसल्याचे पुढे स्वतःच सांगितले. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी २ कोटींचा आकडा दिला. एखाद्या पेढीवर शिल्लक मालाचा आकडा असा अंदाजाने वर-खाली होऊ लागला, तर शेटजी मुनिमाला त्याच दिवशी घरी पाठवतील! आता दुसऱ्या बाजूचा आकडा पाहा. एखादा माणूस बांगलादेशी आहे हे त्या देशाने कबूल केल्याशिवाय त्याला रीतसर परत देता येत नाही. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की अशा २,३६० हून अधिक माणसांची पडताळणी बांगलादेशाकडे अडकून आहे, त्यातील कित्येकांची २०२० पासून. भाषणात २ कोटी आणि टपालात २,३६०.

घटकाभर धरून चालू की २ कोटी हाच खरा आकडा आहे आणि बांगलादेशही मुकाट्याने माणसे घ्यायला तयार आहे. एका रेल्वेगाडीत १,५०० माणसे बसवली तर १३,३३३ गाड्या लागतील. रोज एक गाडी, ईद-दिवाळीलाही सुट्टी नाही, तरी साडेछत्तीस वर्षे! बरोबरचे पोलीस, कोठड्या, जेवणखाण, न्यायालयाच्या तारखा हे सगळे वेगळे.

अशी एक गाडी आमच्या नागपूर स्टेशनावरूनच गेली आहे. जुलै १९९८ ची गोष्ट. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मुंबईत बांगलादेशी म्हणून पकडलेल्यांना पोलीस बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्सप्रेसने पूर्वेकडे नेले जात होते. त्यांत जरीकाम करणारे कारागीर बरेच होते. मुंबई ते हावडा हा नागपूरमार्गे सुमारे १,९७० किलोमीटरचा पल्ला. गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेरियाला पोहोचली तेव्हा तिथे जमाव उभा होता, सत्ताधारी डाव्या आघाडीचा स्थानिक आमदारही त्यात होता. लोकांनी गाडी अडवली आणि पकडलेल्यांना उतरवून घेतले. ज्योती बसूंच्या सरकारने तक्रार केली की बंगाली बोलणाऱ्या भारतीयांनाच महाराष्ट्र बांगलादेशी ठरवीत आहे. यात धंदेवाल्याच्या लक्षात यावी अशी गोष्ट अशी, की उलुबेरिया आणि शेजारचा पांचला हा पट्टा जरीकामाचाच आहे. तिथल्या घराघरांतून मुले मुंबईला अड्ड्यावर बसायला जातात. म्हणजे ज्यांना परदेशात सोडायला निघाले, त्यांची गाडी त्यांच्याच मुलखातून चालली होती. हे लोक कोण, ही चौकशी मुंबईत बसून त्यांच्या जिल्ह्याला विचारून झाली असती, तर निदान तेवढा रेल्वेखर्च वाचला असता.

सत्तावीस वर्षांनी तेच झाले, आणि या वेळी मध्ये उलुबेरिया नव्हते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले मुर्शिदाबाद व वर्धमानकडचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे उघड झाल्यावर दोन्ही देशांच्या सीमादलांची बैठक घेऊन त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीहून बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर बाईला असेच पाठवले गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा हुकूम सप्टेंबरमध्ये दिला, ती आली डिसेंबरमध्ये. चूक झाल्यावर दुरुस्तीला सहा महिने लागतात, असा याचा अर्थ. रोजंदारीवर पोट असलेल्याचे सहा महिने.

कोणी म्हणेल, घाई करू नका, आधी सर्वांची नोंदणी करा, मग निवडा. तोही प्रयोग आसामात झाला आहे. सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी यादी लागली तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ जण बाहेर राहिले, त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही मोठ्या संख्येने होते. महालेखापालांच्या अहवालाप्रमाणे या कामाचा खर्च २८८ कोटींवरून १,६०२ कोटींवर गेला. आम्ही भागाकार करून पाहिला. अर्जदारामागे सुमारे ४८५ रुपये, आणि बाहेर राहिलेल्या प्रत्येक माणसामागे ८,४०० रुपये पडले. गावोगावच्या लोकांनी सुनावण्यांसाठी गाडीभाडे, वकील आणि बुडालेली मजुरी यांवर जे घातले ते यात नाही. ती यादी आजही रीतसर अंतिम झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. आसामच्याच दराने आपल्याकडे साडेपाच हजार कोटींच्या आसपास जातील, तेही जुन्या भावाने.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाचाही हात यात पोळतो आहे. तेथील एका संस्थेने २०२४ मध्ये सर्व बेकायदा स्थलांतरितांना एकदम काढण्याचा खर्च ३१५ अब्ज डॉलर काढला होता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांच्या हातापायांत बेड्या घातल्या होत्या. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते आणि एक तरुण आमच्या नागपूरचा. त्या बेड्या पाहून सगळ्या देशाला संताप आला. तो रास्तच होता. इटारसीकडून किंवा हावड्याकडून आलेल्या मजुराला हातकडी पडते तेव्हा तो संताप कुठे जातो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

नागपूरकरांना तर दुसरी वाट डोळ्यांसमोर दिसते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांची मोजदाद झाली, तेव्हा राज्यात ५,०२३ आणि त्यांपैकी एकट्या नागपुरात २,४५८ असे आकडे वर्तमानपत्रांत आले. यांतील बहुतेक सिंधी हिंदू कुटुंबे, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी, जरीपटक्याच्या बाजारात दुकानदारी करणारी. पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाले तेव्हा हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे केंद्राने कायम ठेवले. डिसेंबर २०१६ मध्ये अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातील सोळा जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारी आहेत. ही सवलत शेजारच्या तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना आहे, मुसलमानाला नाही. या सिंधी बांधवांविषयी आमच्या मनात किंतु नाही. घरदार सोडून आलेला माणूस दुकान मांडतो, कर भरतो, मुले शिकवतो, यात शहराचा फायदाच आहे. आमचे म्हणणे इतकेच की सरकारला मनापासून हवे असते तेव्हा परदेशी माणसाची नोंद ठेवणे, त्याला काम करू देणे आणि त्याच वेळी त्याच्यावर नजर ठेवणे हे सारे जमते. त्यासाठी गाड्या सोडाव्या लागत नाहीत.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे. हे लिहिताना काही व्यापारी बांधव नाराज होतील, होवोत.

इतवारीच्या सराफ्यात दागिना घडवणारे अनेक हात बंगालचे आहेत, हुगळी-मेदिनीपूरकडचे. त्यांत हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. जरीच्या अड्ड्यावर, बॅगांच्या कारखान्यांत, शिलाईत बंगाल-बिहारची मुले आहेत. बोली ऐकून संशय सुरू होतो आणि नाव ऐकल्यावर पक्का होतो. मोमिनपुऱ्यातील एका कारखानदाराने आम्हाला सांगितले की ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्याची चार मुले रातोरात गावी निघून गेली. कोणी पकडले नव्हते, नुसती चर्चा ऐकून गेली. उचल बुडाली ती बुडाली, घेतलेली ऑर्डर परत करावी लागली ते वेगळे. आम्ही विचारले, मुले कोणत्या गावची? त्याला जिल्हा आठवला, गाव नाही. बापाचे नाव तर एकाचेही नाही. तीन वर्षे ज्याच्या हातची मजुरी खाल्ली, त्याच्या बापाचे नाव ठाऊक नाही!

हा एकट्याचा दोष नाही. आमच्यातले बहुतेक कारखानदार असेच आहेत. हजेरीवही ठेवली की मजुरीचा दर लिहावा लागतो, दर लिहिला की सुट्टी, भविष्यनिर्वाह, अपघात यांचे प्रश्न निघतात, म्हणून वहीच नको. उचल तोंडी, हिशेब तोंडी. १९७९ साली परराज्यातील कामगारांसाठी कायदा झाला. २०२५ मध्ये तो नव्या श्रम संहितेत विलीनही झाला. मधल्या छेचाळीस वर्षांत आमच्यापैकी किती जणांनी त्याखाली एक तरी नाव नोंदवले? बिननोंदीचा कारागीर स्वस्त पडतो, ही आमची आजवरची समजूत. पोलीस दारात येतात तेव्हा त्याची खरी किंमत कळते, कारण त्या क्षणी हा माणूस अमुक गावचा आहे हे सांगणारा कागद ना त्याच्याकडे असतो ना मालकाकडे. आणि कायद्यात, जुन्या १९४६ च्याही आणि नव्याही, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच आहे.

हा भार फक्त बंगालच्या मुलांवर राहील अशा भ्रमात कोणी राहू नये. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिरा केलेल्या जन्मनोंदींचे दाखले देणे थांबवले आणि मालेगाव, अमरावती, अकोल्याकडील दाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमले. दाखल्यांत काही खोटे असतील तर त्यांच्यावर कारवाई व्हावीच. पण नागपूर-कामठीच्या मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातून मागासह इथे आले. त्यांच्याकडे कोणता दाखला होता? त्यांचे वंशज घरीच जन्मले, सुईणीच्या हातून, आणि त्यांतले कित्येक आज साठी-सत्तरीत आहेत. बंगाली कारागिराला विचारला जाणारा प्रश्न उद्या याच म्हाताऱ्याला विचारला गेला तर उत्तर तेवढेच तोकडे असेल.

तेव्हा सराफा आणि कारखानदारांच्या संघटनांनी एकत्र बसून दोन कामे करावीत. पहिले, शासनाकडे मागणी, की परराज्यातील कामगारावर संशय आला तर त्याला शहराबाहेर हलवण्याआधी त्याच्या मूळ जिल्ह्याच्या पोलिसांकडून व पंचायतीकडून लेखी उत्तर मागवावे, आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा नियम त्याच्या बाबतीतही पाळावा. यात नवीन काही नाही, खर्च एका फोनचा आणि एका पत्राचा.

दुसरे काम आपल्याच गल्ल्यावरचे. प्रत्येक कारागिराचे पान वहीत असावे. नाव, बापाचे नाव, गाव, ठाणे, जिल्हा, मतदार ओळखपत्राची प्रत, कामाला लागल्याची तारीख, मजुरीचा दर, घेतलेली उचल. दरमहा त्याला मजुरीची चिठ्ठी द्यावी, त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. खोली भाड्याने दिली असेल तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. ज्याच्याकडे काहीच कागद नाही आणि जो गावही सांगत नाही, त्याला कामावर घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. शेवटचा रकाना गावच्या पंचायतीच्या फोनचा. तो नंबर लिहून घेताना कारागिराला समोर बसवून एकदा लावून पाहावा, कारण असे लिहिलेले नंबर बरेचदा बंद निघतात.